कूलर घेण्याआधी स्लॅबकडे बघा

वाचकाचं पत्र: "आम्ही चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोन खोल्या, त्यात झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. दिवसा कसंबसं निभतं, पण रात्री अकरा वाजले तरी पंख्याखाली गरम वाराच येतो. पंख्यासमोर बर्फाचं भांडं ठेवून पाहिलं, फरशी ओली करून पाहिली, उलट चिकचिक वाढली. घरात ७२ वर्षांच्या सासूबाई आणि पहिलीतला मुलगा आहे. एसी परवडणारा नाही, त्याचं वीजबिल तर नाहीच. कूलर घ्यावा, गच्चीवर पांढरा रंग द्यावा की फॉल्स सीलिंग करावं? पैसे यातल्या एकाच गोष्टीपुरते आहेत. घरमालक म्हणतात, गच्चीला धक्का लागणार नसेल तर काय ते करा."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती 'रात्री अकरा वाजले तरी' या शब्दांत आहे. ऊन जाऊन तोवर चार-पाच तास झालेले असतात, बाहेरची हवा निवू लागलेली असते, तरी घर तापलेलंच राहतं. म्हणजे त्या वेळची उष्णता बाहेरून येत नाही, ती डोक्यावरच्या स्लॅबमध्ये साठलेली आहे. पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग खालच्या अंगाला पोचायला कित्येक तास लागतात. त्यामुळे बाहेर गार होऊ लागतं तेव्हा छत खालून सर्वांत जास्त तापलेलं असतं. सीलिंग फॅन नेमकी छताजवळची हवा ओढून खाली ढकलतो, म्हणून वारा गरम लागतो. शिवाय तापलेलं छत अंगावर थेट धग टाकत असतं आणि ती धग हवा कितीही हलवली तरी थांबत नाही.

म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते गच्चीवर घाला. कूलरचा विचार त्यानंतर, तोही एक सोपी चाचणी करून. फॉल्स सीलिंग तुमच्यासाठी नको. कारणं पुढे देतो.

आधी खात्री करून घ्या. रात्री नऊच्या सुमाराला पंखा बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावर, स्टुलावर उभं राहून तळहात छताला लावा. मग तोच हात दोन खोल्यांमधल्या भिंतीला आणि नंतर पश्चिमेच्या भिंतीला लावा. मधल्या भिंतीला ऊन लागत नाही, त्यामुळे तुलनेसाठी ती धरायची. छत तिच्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर दोषी स्लॅबच आहे. पश्चिमेची भिंतही तितकीच गरम असेल तर पलंग तिच्यापासून निदान दीड-दोन फूट सरकवा, आजच्या आज.

आता गच्ची. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. जुनाट, काळपट पडलेलं सिमेंट त्यातलं पाव हिस्साही जेमतेम परत फेकतं, बाकी सगळं पोटात घेतं. नवा शुभ्र थर ७५ ते ८० टक्के परत फेकतो. उष्णता आत शिरूच न देण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पांढऱ्याच्या जागी चकचकीत चंदेरी रंग द्यावा असंही कोणी सुचवेल. तो ऊन परत फेकतो खरा, पण पोटात शिरलेली उष्णता आकाशाकडे सोडण्यात कच्चा असतो, त्यामुळे स्वतः तापून बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. पांढराच द्या.

त्यात दोन पर्याय आहेत: चुना, किंवा डबाबंद मिळणारं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग. चुना फार स्वस्त पडतो, पण एक उन्हाळा टिकतो आणि पावसात धुऊन जातो. कोटिंग काही वर्षं टिकतं. भाड्याचं घर, मोजके पैसे, हे पाहता यंदा चुना द्या. फरक जाणवला की पुढच्या वेळी कोटिंगच्या खर्चात घरमालकांना वाटा उचलायला सांगता येईल. पांढऱ्या थराने स्लॅबचं तापून प्रसरण पावणं आणि रात्री आकसणं कमी होतं, भेगाही कमी पडतात, हा त्यांचाच फायदा आहे.

चुन्याचं प्रमाण असं: १ किलो कळीच्या चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी. आधीच विझवलेल्या चुन्याची भुकटी आणलीत तर १ किलोला ४ लिटर पुरे. शक्यतो भुकटीच आणा. कळीचा चुना पाण्यात पडला की जोरात फसफसतो, पाणी उकळायला लागतं आणि एक थेंब डोळ्यात गेला तरी कायमची इजा होऊ शकते. कळीचाच मिळाला तर प्लास्टिकची बादली वापरू नका, लोखंडी पिंप घ्या, आधी पाणी भरा आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा, हातात रबरी मोजे, आणि मुलाला त्या वेळी गच्चीवर येऊ द्यायचं नाही. मिश्रण २४ तास ठेवून जाड कापडातून गाळा. न गाळलेल्या चुन्यातले खडे नंतर फुगून पापुद्रे काढतात. गाळलेल्या १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा, नाहीतर चुना वाळल्यावर पायाला लागत राहतो.

खरी मेहनत पृष्ठभागाची आहे. तारेच्या ब्रशने शेवाळं आणि सुटी झालेली माती खरवडून काढा, झाडा, धुवा. शेवाळ्यावर दिलेला थर शेवाळ्यासकटच निघून येतो. भेगा दिसल्या तर त्या आधी बुजवा. मग संध्याकाळी, स्लॅब निवायला लागला की, जागा किंचित ओली करून पहिला हात द्या. तो वाळल्यावर दुसरा हात पहिल्याला आडवा, मग तिसरा. प्रत्येक थर पातळ, ताकाइतपत पातळ. एकाच हातात जाड थापलं तर तडकून पडतं. भर उन्हात दिलेला चुना पाणी उडून नुसती भुकटी होतो. त्याला घट्ट व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो शोषायला थोडी ओल लागते. म्हणून पुढचे दोन दिवस सकाळी हलकासा पाण्याचा फवारा मारा.

किती चुना लागेल हे गच्ची किती खरबरीत आहे त्यावर ठरतं. आधी १० फूट बाय १० फूट तुकडा तिन्ही हात देऊन पुरा करा, किती लागलं ते मोजा आणि त्या हिशेबाने बाकीचा आणा. सगळी गच्ची करायची गरज नाही. तुमच्या दोन खोल्यांवरचा भाग आणि त्याच्या चहूबाजूंनी दोन-तीन फूट जास्त घ्या, कारण उष्णता स्लॅबमधून आडवीही सरकते. कठड्याची आतली बाजूही रंगवा. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवण्याच्या टाकीत जात असेल तर मात्र चुना नको, थेट कोटिंगकडे जा, आणि ते तशा पाण्यासाठी चालतं का ते डब्यावर वाचून घ्या.

कोटिंग करायचंच ठरलं तर दोन गोष्टींनी ते फसतं. ओल्या स्लॅबवर दिलं की आतली वाफ बाहेर पडू पाहते आणि फोड येतात, म्हणून धुतल्यावर दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या. आणि जिथे पाणी साचतं तिथे ते आधी सुटतं, म्हणून खोलगट जागा आधी भरून उतार नीट करून घ्या. डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट ते लिहिलेलं असतं, ते एका हाताचं की दोन हातांचं हे नीट बघा. तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो आणि रंग पाणी घालून ताणला जातो.

पांढरा थर धुळीने मळला की कमी परत फेकतो. उन्हाळ्यात दोन-तीनदा मऊ झाडूने झाडा. कोटिंग असेल तर पाण्याने धुवाही.

पाण्याची टंचाई नसेल आणि स्लॅब गळका नसेल, तर सूर्य मावळल्यावर गच्चीवर पातळ शिंपण करा. १०० चौरस फुटांना साधारण १० लिटर, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा थर. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. ती सगळी स्लॅबमधूनच जाते असं नाही, काही हवेतूनही जाते, तरी रात्रीच्या झोपेला फरक पडण्याइतकी भर होते. दुपारी शिंपू नका. ते पाणी नव्याने पडणाऱ्या उन्हाशी झगडण्यातच संपतं आणि तापलेल्या स्लॅबला एकदम गार पाणी बसल्याने भेगा वाढतात. गच्चीवर पाणी तुंबवून ठेवणं तर नकोच. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि ते मुरलं तर आतल्या सळया गंजतात. घरमालकांना नेमकी हीच भीती असणार.

गच्चीखालोखाल पश्चिमेची खिडकी. दुपारनंतर ऊन तिरपं येतं, त्यामुळे वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. चार बाय चार फुटांच्या काचेतून भर उन्हाच्या वेळी साधारण ७५० वॅट आत येतात. एक इस्त्री खोलीत चालू ठेवल्यासारखंच आहे ते. आतला पडदा यावर अर्धाच उपाय, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. बांबूची चिक किंवा शेडनेटचे दोन थर, खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, आणि काचेपासून चार इंच तरी लांब, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. खालची कड बांधून टाका, नाहीतर वाऱ्याने आपटत राहते.

चौथ्या मजल्यावर बाहेर वाकून हे करू नका. बाहेरून ग्रिल असेल तर खिडकी उघडून आतूनच शेडनेट त्याला बांधता येतं. साध्या पांढऱ्या प्लास्टिक पट्ट्या उन्हाने लवकर ठिसूळ होऊन तुटतात, बांधकामाची बारीक तार किंवा उन्हात टिकणाऱ्या काळ्या पट्ट्या घ्या. जाळीची कड दुहेरी दुमडून दर दीड फुटावर बांधा, एकेरी कड तारेशी फाटते. हे काहीच जमत नसेल तर आतून काचेला लागून पांढरा पुठ्ठा बसवा, कडांना फट न ठेवता. फट राहिली की पुठ्ठ्यामागची गरम हवा वरून खोलीत येते आणि खालून नवी आत जाते. गडद कागद किंवा काळी फिल्म काचेला आतून चिकटवू नका. काच असमान तापून तडकू शकते.

यानंतर येतो तो भाग, ज्याला जवळजवळ काहीच खर्च नाही आणि ज्याची हेळसांड सर्वांत जास्त होते: खिडक्या कधी उघडायच्या. साधे दोन तापमापक घ्या. एक घरात छातीच्या उंचीवर, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं सताड उघडायचं, वर गेला की सगळं बंद. उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमाराला बहुधा बाहेरचा आकडा वर जातो. 'हवा खेळती राहू दे' म्हणून दुपारी उघड्या ठेवलेल्या खिडक्या रात्रभर मिळवलेला गारवा घालवतात.

रात्री टेबल फॅन पश्चिमेच्या खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा, म्हणजे तापलेल्या खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल. दुसऱ्या खोलीची खिडकी आणि मधलं दार उघडं ठेवा, तिथून गार हवा आत येईल. पंख्याच्या आजूबाजूची मोकळी जागा पुठ्ठ्याने झाका, नाहीतर बाहेर फेकलेली हवा बाजूने तशीच परत येते. मुलगा घरात आहे, तेव्हा फॅन ग्रिलला पक्का बांधा आणि वायर त्याच्या हाताला येणार नाही अशी न्या. डासांची जाळी असेल तर ती धुऊन घ्या. धूळ धरलेली जाळी वारा निम्म्याहून जास्त अडवते.

सीलिंग फॅन खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर उलट स्वतःची ७०-८० वॅट उष्णता खोलीत सोडतो. पूर्वीपेक्षा हळू फिरत असेल तर नव्या पंख्याच्या मागे लागण्याआधी कपॅसिटर बदलून पाहा, तो वर्षागणिक अशक्त होतो. घरगुती सीलिंग फॅनला बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पण जुन्यावर छापलेला आकडाच आणा. जास्त आकड्याचा लावला की पंखा काही दिवस जोरात फिरतो आणि मग वाइंडिंग तापून जळतं. काम मेन बंद करून, जाणकाराकडून. पंखा बदलायचीच वेळ आली तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, पंखा घ्या. तो ३० वॅटच्या आसपास खातो, दिवसाला १५ तास चालला तर ०.७ युनिटाच्या आसपास वाचतं.

सासूबाईंसाठी एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. घरातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा शरीराला गार करत नाही, गरम करतो. जागतिक आरोग्य संघटनाही पंखे ४० अंशांच्या खालीच वापरा असं सांगते. वयस्कर माणसांना घामही कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. अशा दुपारी त्यांचे हात, मान, पाय ओल्या फडक्याने पुसत राहा, सुती पातळ कपडे ओले करून घालू द्या, आणि शक्य असेल तर त्या तीन-चार तासांपुरतं खालच्या मजल्यावर कोणाकडे बसवा. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, किती पाणी प्यायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. बोलणं असंबद्ध झालं, भान हरपलं, अंग तापून लाल झालं तर वाट पाहू नका. रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आता कूलर. तो घ्यावा की नाही हे दुकानदाराला विचारू नका, तुमच्या हवेलाच विचारा. पाऱ्याऐवजी रंगीत द्रव असलेला काचेचा साधा तापमापक घ्या आणि दुपारी तीनला सावलीतलं तापमान टिपा. मग त्याच्या खालच्या फुग्याला सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळून टेबल फॅनसमोर दहा मिनिटं धरा. आकडा घसरत घसरत एका जागी थांबेल. दोन्हींतला फरक म्हणजे कूलरला वापरता येणारा गारवा. चांगल्या जाळीचा कूलर त्यातला साधारण तीन-चतुर्थांश मिळवून देतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओली पट्टी २३ च्या आसपास थांबते, म्हणजे फरक १७ आणि कूलरची हवा सुमारे २७ अंश. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला पट्टी २८ वर थांबते. तिथे कूलर जेमतेम तीन अंश उतरवेल आणि वर दमटपणा वाढवेल. फरक दहाच्या वर असेल तर कूलर घ्या, पाचच्या खाली असेल तर विसरा. मधे असेल तर आधी गच्ची आणि खिडकी करून पाहा. ही चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

घेतलात तर तो खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो, म्हणून अर्ध्या तासात घुसमट होते आणि लोक कूलरला दोष देतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासा, नुसतं पाणी बदलून चालत नाही, डासांची अंडी भिंतीला चिकटून राहतात. प्लगला अर्थिंग आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढूनच भरा.

तुमच्या बर्फाचं आणि ओल्या फरशीचं काय चुकलं, तेही या चाचणीत दिसेल. एक किलो बर्फ वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी १०० चौरस फुटांचा तापलेला स्लॅब ढोबळमानाने पाव तासात आत सोडतो. आणि तो बर्फ घरच्याच फ्रीजमध्ये झालेला असतो. बर्फ बनवताना काढलेली उष्णता, वर मोटरची, असं सगळं फ्रीजने मागच्या बाजूने तुमच्याच घरात सोडलेलं असतं. ओली फरशी खिडक्या बंद असताना हवेत फक्त ओल वाढवते, मग घाम वाळत नाही. तीच तुमची चिकचिक.

फॉल्स सीलिंगला नाही म्हणण्याचं कारण असं की ते स्लॅबच्या खाली बसतं. ऊन वर आधीच शोषलेलं असतं, स्लॅब पूर्वीसारखाच तापतो, आपण फक्त त्याच्या आणि आपल्यामधे एक थर घालतो. धग थोडी कमी होते, पण त्याच पैशात पांढऱ्या थराचं काम कितीतरी जास्त होतं. शिवाय पंखा खाली येतो, मूल पलंगावर उड्या मारणारं असेल तर ते धोक्याचं, आणि घर सोडताना सीलिंग उचलून नेता येत नाही. कोणी स्वस्तात छताला थर्माकोल चिकटवून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या. उघडा थर्माकोल पटकन पेटतो, वितळून जळते थेंब खाली पडतात आणि धूर विषारी असतो. झोपायच्या खोलीत तो अजिबात नको.